पोस्टवर पाणी नको

६ एप्रिल २०१६, लातूर
ट्रेनिंग संपलं. उद्यापासून सोसायटीच्या गेटवर! आमच्या एजन्सीचे ट्रेनर बसवंत सर, माजी हवालदार. निघताना पुन्हा दरडावलं — "पोस्टवर कुणाच्या हातचं खायचं-प्यायचं न्हाई. गुंगीचं औषध घालतेत अन् घरं साफ करतेत. अन् कारणं सांगत बसू नका. नको म्हणायचं, बस्स!" पटलं मला.

७ एप्रिल
पहिल्या मजल्यावर पारूबाई राहतात, रिटायर्ड शिक्षिका. मी लोह्याचा म्हटल्यावर एवढ्या खूश! त्यांचं सासरही लोह्याचंच. दुपारी तांब्या-फुलपात्र घेऊन स्वतः खाली आल्या. शहरात नळ शेवटचा कधी आला कुणाला आठवत नाही, आणि ही बाई मला पाणी देतेय! घसा कोरडा पडला होता. तरी म्हणालो, "नको." हात मागे बांधून, शिकवलं तसं.

त्यांनी फुलपात्र तांब्यावर पालथं घातलं. मग गेल्या.

१० एप्रिल
पारूबाई माझा नमस्कारही घेत नाहीत. का? मी केलं काय?

१४ एप्रिल
जयंती. संध्याकाळी पाळी बदलताना पारूबाई लाडू घेऊन आल्या. रात्रपाळीच्या सिद्धेश्वरच्या हातावर दोन! तो खुर्चीत झोपा काढतो, पोस्टवर चिवडा खातो — आणि तो लाडका! माझ्यापुढून डबा तसाच गेला. नियम पाळणाऱ्याचं हे असं. डोकं भणभणलंय नुसतं.

१८ एप्रिल
सरांचा फोन. पारूबाईंची तक्रार — हा गार्ड बदला! "काय केलास रं रामकिशन?" काय सांगणार? काहीच केलं नाही! उद्या सर येणार. नोकरी जाते बहुतेक. भीती वाटतेय.

१९ एप्रिल
सर यायच्या आधी वर गेलो. सरळ विचारलं — मावशी, माझं काय चुकलं?

पारूबाई दारातच थांबल्या. "माझ्या सासूला लोह्यात वरून ओंजळीत पाणी वाढायचे. तू तर ओंजळ बी धरली न्हाईस."

क्षणभर कळेचना. मग कानशिलं तापली. भडाभडा सगळं सांगितलं — सर, नियम, गुंगीचं औषध.

"मग तवाच सांगायचं की! नुसतं नको म्हणलास. ते नको मी लहानपणापासून ऐकत आले."

पाणी मागितलं. त्यांच्या हातातून घेतलं, तोंड लावून प्यायलो. मागे जिन्यात सर उभे होते. बघू देत!

२० एप्रिल
पारूबाईंनी तक्रार मागे घेतली. सर सगळ्या गार्डांना म्हणाले, "हितून पुढं नको म्हणताना कारण सांगायचं. नीट, हात जोडून." मी सुटलो. मग हलकं का वाटत नाहीये? माझ्या मनात तर काहीच नव्हतं.

२१ एप्रिल
आईला फोन करून विचारलं — आपल्या गोठ्याच्या कोनाड्यात बौद्धवाड्यातल्या गड्यांसाठी वेगळी कपबशी असायची, ती अजून आहे का?

"हाव, हाय की. का रं?"