वेबसाइटवर पत्ता कोणाचा घालावा

अड्याळ, ता. पवनी, जि. भंडारा
शनिवार, जेवणं आटोपल्यावर

चिरंजीव अश्विन यास टिकाराम काकाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत, झोप आणि त्या पुण्याच्या खाणावळीतली पातळ डाळ कशी आहे ते कळवावे. आम्ही दोघं ठणठणीत आहोत (माझा गुडघा यात धरू नकोस, तो हल्ली वेगळा राहतो). पत्र पाहून चकित होऊ नकोस. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा दाखवतोस, आणि पोळ्यापासून तुझा आवाज या घरात आलेला नाही. शाळेची दहा वर्षं तू आमच्याकडे काढलीस, तेव्हा बडबडीने कान किटत होते, आता कान नुसते वाट पाहतात. तुझी काकू रोज दिवेलागणीला फोन चार्जिंगवरून काढून मांडीजवळ ठेवते आणि विचारते, "अश्विनचा आला होता काय?" मी सांगतो, पोरगा कामात आहे.

असो. विषय वेबसाइटचा आहे. उन्हाळ्यात आठ दिवस आलास तेव्हा घरच्या चिन्नोर तांदळाची वेबसाइट करून दिलीस, पण खाली 'संपर्क' लिहून पुढची जागा कोरी सोडलीस. वर एक चिठ्ठी ठेवलीस की काका, प्रत्येक मजकुराला त्याच्या कामाचा डबा असतो, संपर्काला ॲड्रेस नावाचा डबा वापरा, बाकीचं साध्या पॅराग्राफात घाला. आता नवा तांदूळ निघाला, म्हणून मी ती जागा भरायला बसलो. पस्तीस वर्षं पोस्टमनकी केलेल्या माणसाला पत्ता काय असतो हे चिठ्ठी लिहून शिकवावं, याचा मला थोडा राग आला होता हे मोकळेपणाने सांगतो. त्या रागात मी चिठ्ठी अर्धीच वाचली.

आपल्याकडे कुठेही नावं छापायची म्हणजे लग्नपत्रिकेची रीत. म्हणून पहिल्या ॲड्रेसच्या डब्यात कै. आजोबांचं नाव घातलं. दुसऱ्यात मी. तिसरा शेजारच्या देवाजीला द्यावा लागला, कारण 'देवाजीच्या बोअरवेलपासून डावीकडे' असं लिहिल्याशिवाय आपलं घर ब्रह्मदेवालाही सापडत नाही, आणि बोअरवेल छापून मालकाला वगळलं असतं तर तो माझ्याशी होळीपर्यंत बोलला नसता. (तो बोलत नाही तेव्हा जास्त त्रास होतो, कारण ओट्यावर येऊन बसतोच.) चौथ्यात शहापूरचे साडू, त्यांच्या घरापुढे हायवेवर पोती उतरतात. पाचवा कोंढ्याचा, तुझ्या काकूचं माहेर. त्याचा तांदळाशी काही संबंध नाही, पण साडूंचा घातला आणि माहेरचा नाही, हे घरात सांगायला मी राहिलो नसतो.

सगळं भरून पाहतो तर पाचही पत्ते तिरपे. बाकीची अक्षरं नीट उभी आणि पत्ते तेवढे झुकलेले. काकूने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "सारे पत्ते वाकडे काहून? तुम्ही लिहिले म्हणून काय?" मी बटणं दाबून दमलो, शेवटी देवाजीच्या पोरीला, मोनिकाला बोलावलं. ती पवनीला कॉलेजात हेच शिकते. तिने सांगितलं की या डब्यातलं अक्षर तिरपंच दिसतं, तो दोष नाही. मग वाचत वाचत ती आजोबांपाशी थांबली. "काका, याइच्याशी संपर्क कसा करायचा?"

पोरगी नम्र आहे, हसली नाही. पण तिने मला जे समजावलं ते चार ओळींत सांगतो. हा डबा कुठल्याही पत्त्यासाठी नाही. पान ज्याचं, त्याच्याबद्दल ज्याला विचारायचं, फक्त त्याच्यासाठी आहे. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही तो माणूस मशीनकडून पान वाचून घेतो, त्याला पाच ठिकाणी संपर्क ऐकू आला तर बिचारा नेमका आजोबांना फोन लावायचा. एवढं ऐकलं आणि माझं डोकं उजळलं. लिफाफ्याच्या मागे आपण प्रेषक लिहितो ना, तोच हा. ज्याने पाठवलं, ज्याच्याकडे परत येऊ शकतं, तो. हे तू चिठ्ठीत लिहिलं असतंस तर इतका घोळ झाला नसता. (लिहिलं होतंस, दुसऱ्या पानावर. आज वाचलं.)

मग आजोबा वर 'आमच्याविषयी'मध्ये गेले. बोअरवेल, साडू आणि माहेर साध्या पॅराग्राफात उभे राहिले. देवाजीला सांगितलं की तू आता ताठ झालास, तो खूश आहे. राहिला प्रश्न एकाच डब्याचा, नाव कोणाचं? माझं घालावं तर मला फोनवर निम्मं ऐकू येत नाही, पाच किलो सांगितलं तर पन्नास पाठवीन. म्हणून काकूचा नंबर घालायला घेतला. ती एकदम उठून उभी राहिली. "माह्या फोनवर लोकं तांदूळ विचारत बसले, तं पोराचा फोन कसा लागन?"

मी तो नंबर पुसून टाकला. अश्विन, तू वाईट नाहीस, मला ठाऊक आहे. तुला वाटतं, काका-काकू कुठे पळून चालले आहेत. बरोबर आहे, आम्ही कुठे जात नाही. तीच तर अडचण आहे. शेवटी त्या डब्यात योग्य माणूस बसवला आणि वेबसाइट सोमवारी चालू केली. जेवत जा. अंगावर पांघरूण घेत जा.

तुझा काका,
टिकाराम

ता. क. योग्य माणूस म्हणजे तू. पान तूच केलंस, तेव्हा नियमाने प्रेषक तूच. तुझं नाव आणि तुझा मोबाइल नंबर घातला आहे, बोट लावलं की थेट लागतो. अनोळखी नंबर दिसला तर घाबरू नकोस, उचल, तांदूळच असेल.

ता. क. दुसरे. आलेलं नाव, गाव आणि किलो लिहून घे आणि रोज संध्याकाळी काकूला फोन करून सांग. मेसेज चालणार नाही, मेसेज वाचायला तिचा चष्मा जुना झाला आहे असं तिने ठरवलं आहे. तिने मला विचारलं की पहिला फोन आला तर आधी तांदळाचं विचारायचं की जेवला काय ते. मी म्हटलं, जे तोंडात येईल ते.

ता. क. तिसरे. मोनिका म्हणते, नंबर बदलायचा तर दोन मिनिटांचं काम आहे. तिला सांगितलं, घाई नाही.