दुहेरी काच आणि सरुबाईची वाटी

भिगवण
१० नोव्हेंबर १९९६

चि. सौ. करुणा हीस बाबांचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. अनुपराव आणि आमची नात तेजश्री खुशाल हायेत हे वाचून बरं वाटलं. हिकडं आमी दोघं हाय तसं हाय. म्हंजे तुझी आई घोरतीया आणि मी आढं मोजतोय.

बत्तीस वर्षं रेल्वेत पॉइंट्समन म्हणून काढली. दहा पावलांवरनं मालगाडी जायची आणि मी खुशाल झोपायचो. पण गाडीला टायमाची तरी लाज असती, ह्या हायवेला कसलीच न्हाय. कारखान्याचा सीझन चालू झाल्यापास्नं उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्यावर टेप लावल्याला. त्यात आपल्या बाजूला नवा धाबा झालाय, तितं ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवूनच खाली उतरत्यात. डॉक्टर म्हणतो झोपा, न्हायतर बीपीची गोळी वाढवतो. अरे बाबा, झोप काय बाजारात मिळती व्हय!

म्हणून तू सुचवल्याल्या डबल काचेच्या खिडक्यांना माझी मंजुरी. एमायडीसीच्या गेस्टहाऊसात बाहेर ट्रक दिसतो पण ऐकू येत न्हाय म्हणतीस, मला तसलंच पाहिजे. टेपानं मोजून मापं सोबत धाडलीत, पुढच्या दोन आणि झोपायच्या खोलीची एक. रेल्वेसारखी सरकणारी करावी अशी माझी हौस हाय. पण बांधकामावरची सुपरवायझर तू. तू म्हणशील ती पूर्व.

सैपाकघरातल्या मागच्या खिडकीचं माप धाडलं न्हाय. तिच्याम्होरं शेजारच्या गेणूचा मेथीचा वाफा हाय, आणि मेथी काय हॉर्न वाजवीत न्हाय. शिवाय ती बंद झाली तर गेणूची सरुबाई आणि तुझी आई वाट्या द्यायच्या कुठनं? परवा हिनं चिलापी माशाचं कालवण दिलं, काल त्याच वाटीतनं हादग्याची भाजी आली. घर बांधलं तवापास्नं, अठ्ठावीस वर्षं, ह्या दोघींत रिकामी वाटी कधी परत गेली न्हाय. तुझ्या आईचा जीव त्या खिडकीत अडकलाय, हे ध्यानात ठेव.

उत्तर लगोलग धाड, आणि म्हाताऱ्यावर हाय तेवढी माया राहू दे.

तुझे बाबा
गंगाराम

—

बारामती
१७ नोव्हेंबर १९९६

ति. बाबा आणि सौ. आई यांस करुणाचा सविनय जयभीम वि. वि.

सरकती खिडकी विसरा. तिच्या दोन झडपांत फट राहते, आणि तुमचा ट्रकवाला त्या फटीतून आत येऊन उशाशी बसेल. तुम्हाला बाहेर उघडणारी हवी, लावली की रबरावर गच्च बसणारी. दोन काचांच्या मधे बोटभर हवा कोंडलेली असते, आवाज तीच अडवते. मी तीन दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी दोन काचांच्या मधेच धुकं साचलेलं! ते पुसायचं कुठून? हात जोडले आणि निघाले. शेवटी आमच्या साइटवरच्या सिद्धूला काम सांगितलं. तो बोलतो कमी आणि कडा नीट भरतो.

तेजश्री विचारते की आजोबांना ऐकू येत नाही म्हणून दोन काचा का. मी म्हटलं, ऐकू येतं म्हणून.

आता मागच्या खिडकीचं. तीही बदलायची, आणि ती उघडणारी नाही, कायमची बंद. धुरासाठी वर पंखा बसवू. मेथी हॉर्न वाजवत नाही हे मलाही कळतं, बाबा. मला ती खिडकीच नको आहे.

मी चौथीत होते. एकदा आईची वाटी घेऊन मी शहाणी पुढच्या वाटेनं सरुमावशीच्या दारात गेले. ओट्यावर पाहुणे बसले होते. मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की कुणाची गं तू पोरी. रोज जिच्या हातचं खाते, तिनं मला विचारलं कुणाची! त्याच संध्याकाळी खिडकीतून तिनं मला दोन लाडू दिले, माझ्या गालावरून हात फिरवला. मी ते खाल्ले. त्याचाच राग अजून जात नाही.

तिची सासू द्वारकाबाई होती तोवर समजू शकते. म्हातारीला जाऊन सहा वर्षं झाली. आता कुणाची भीती आहे? आईच्या हातचं गोड लागतं तर आईच्या दारानं यावं. चोरवाटेनं चालतं ते प्रेम मला नको, आणि आईलाही नसावं.

रागावू नका. रागावलात तरी मापं पाठवाच, आणि लेकीला मनातून उतरवू नका.

तुमची
करुणा

—

भिगवण
२५ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. करुणास बाबांचा जयभीम.

तुझं पत्र मी तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. लाडवापत्तोर वाचलं आणि मला पुढं वाचवंना. तू हे इतकी वर्षं पोटात ठेवलंस व्हय गं! आमाला एका शब्दानं बोलली न्हाईस.

तुझं म्हणणं खोटं न्हाय. पण पोरी, दुसरी बाजू बी बघ. आमी हितं राहायला आलो तवा वस्तीवरच्या कुणी आमच्या हातचं पाणी घेतलं न्हाय. द्वारकाबाईचा तर असला दरारा, की तिच्या सावलीला सुना चळाचळा कापायच्या. असल्या सासूच्या घरात राहून सरुबाईनं पहिल्याच महिन्यात खिडकीतनं वाटी म्होरं केली. तेवढंच केलं, खरं हाय. बाकीच्यांनी तेवढं बी केलं न्हाय.

मला वाटलं तुझी आई तुझ्यावर तापंल. ती भाकरी थापता थापता म्हणाली की पोरगी बरोबर बोलती, बसवा. बसवा म्हणाली आणि तवापास्नं तिचं चित्त थाऱ्यावर न्हाय. भाकरी करपवती. अंगणात जाती, परत येती, कशाला गेले व्हते म्हणून मलाच इचारती. आता घरात घोरणारं कुणीच राहिलं न्हाय. सरुबाईला तिनं अजून काय सांगितलं न्हाय आणि मला बी सांगू देत न्हाय.

सोबत मागच्या खिडकीचं माप हाय. नीट मोजलंय. डाव्या डोळ्याला जरा झापड व्हती, पण चालंल.

तुझ्यावर रागावून मला कुणाकडं जायचंय? तशीच माया ठेव.

गंगाराम

—

बारामती
१ डिसेंबर १९९६

ति. बाबांस स. जयभीम.

पोस्टकार्डावर भागवते. माप चार इंचांनी कमी आहे. बत्तीस वर्षं रुळाला रूळ जुळवणारा माणूस खिडकीत चार इंच चुकतो काय? काच बसू नये म्हणून केलेली लबाडी मला कळली बरं का. घराचं खरं माप माझ्या वहीत आहे. उन्हाळ्यात आले तेव्हाच घेतलं होतं. तरी मागितलं ते तुमच्या मनानं व्हावं म्हणून.

पण खरं सांगू? मलाही चैन नाही. काच कापायला सांगून दोनदा थांबवली. सिद्धू आता माझ्याकडे वेड्यासारखा बघतो. आई साक्षरता वर्गात लिहायला शिकली आहे. तिला नको असेल तर तिनं स्वतः तसं लिहावं. एक अक्षर आलं तरी थांबवते. पंधरा तारखेपर्यंत वाट बघीन.

लोभात चार इंचांची काटछाट नसावी.

करुणा

—

भिगवण
२३ डिसेंबर १९९६

चि. सौ. करुणास जयभीम आणि आशीर्वाद.

सिद्धू येऊन चारी खिडक्या बसवून गेला. पोरगं कामाला वाघ हाय. पुढची खिडकी लावली आणि ट्रक मुका झाला. सगळा हायवे समोरनं चाललाय आणि घरात घड्याळाची टिकटिक! मी तासभर नुसता बघत बसलो. आता मला झोप लागायला पाहिजे. लागत न्हाय. बाहेर गोंगाट व्हता तवा तुझ्या आईचं कूस बदलणं मला ऐकू येत नव्हतं, आता सगळं ऐकू येतं.

मागची काच बसली त्याच दिवशी सकाळी सरुबाईची वाटी आली व्हती, तिळाच्या चटणीची. वाटीवर तिचं नाव टोचल्यालं हाय. चटणी आमी खाल्ली आणि वाटी फळीवर राहिली. तुझी आई ती रोज घासती, पुसती, परत फळीवर ठेवती.

शुक्रवारी काय झालं ते ऐक. आई शेगडीकडं तोंड करून कालवण ढवळत व्हती. मी सैपाकघरात गेलो तर काचंपलीकडं सरुबाई हुबी. पदराखाली कायतरी झाकल्यालं. काचंवर टकटक करत व्हती, तोंड हलत व्हतं, आणि आत काडीचा आवाज न्हाय! मी आईला हाक मारून वळवीपत्तोर ती बया वाफ्यातनं पाठमोरी निघाली. हिनं बघून न बघितल्यासारखं केलं असंच तिला वाटलं असणार, दुसरं काय वाटंल? मी म्हणालो की जा, तिच्या दारात जाऊन सांग. तर तुझी आई म्हणती, कुठल्या तोंडानं जाऊ आणि कुठल्या दारानं.

तुझी काच लई चांगली हाय गं. मला ती फोडावीशी वाटती.

तरी जीव लावायचा थांबू नको.

गंगाराम

—

भिगवण
५ जानेवारी १९९७

करुणा, जयभीम.

हे मी लिवतीया. तुझ्या बाबांनी न्हाय. चुकलं तर हसू नको. दोन दिवस लागले लिवायला.

तू म्हणालीस एक अक्षर लिव. मी वही घेऊन बसले व्हते. लिवलं न्हाय. का ते सांगते, बाबांस्नी कळवू नको. तुला राग हाय की सरू दारानं आली न्हाय. पण मी तरी अठ्ठावीस वर्षांत तिला एकदा बी दारानं ये म्हणाले का? न्हाय म्हणाले. ती न्हाय म्हणाली असती तर माझ्याकडं काय राहिलं असतं? खिडकीत तशी पाळीच येत न्हाय. म्हणून मी खिडकीतच राहिले. ती भ्याली तशी मी बी भ्याले.

परवा ती आली. दुपारची, हायवेनं, वळसा घालून. धाब्यावर त्यांच्या भावकीतले आप्पासाहेब आन चार जण च्या पीत बसल्याले, त्यांच्या म्होरनं आली. आमच्या दारात हुबी राहून समद्यास्नी ऐकू जाईल अशी वरडली, की माझी वाटी दाबून बसलीस व्हय गं ताई, आणि मी काच बडवून बोटं सोलली तरी तुझे कान फुटले व्हते का. मी भाईर पळत आले. लई बोलली मला. मी ऐकून घेतलं. बरं वाटत व्हतं.

मग तिचा आवाज सपला. उंबऱ्याच्या भाईर तिचा पाय थांबला. मी त्या पायाकडंच बगत व्हते. आन म्हणाले, आत ये.

ती आली.

सैपाकघरात भिताडाला टेकून बसली. शेगडीवर चिलापीचं कालवण व्हतं. मी ताट वाढलं, माझं बी वाढलं. जेवताना तिच्या नाकाडोळ्यातनं पाणी. मी म्हणाले तिखट झालंय का. तर म्हणाली, की सासूच्या भ्यानं तुझं कालवण गोठ्यात लपवून ठेवायचे, ती भाईर गेली की खायचे. सासू मेली तरी लपवायची खोड गेली न्हाय. अठ्ठावीस वर्षं निवल्यालंच खाल्लं गं, गरम कसं लागतं ते आज कळलं.

मी रडले. ती बी रडली. तुझे बाबा आत आले आन तसेच माघारी गेले.

जाताना तिनं तुझं इचारलं. लाडवाचं मी तिला सांगितलं. ती उंबऱ्यावरच खाली बसली. म्हणाली, की करुणा आली की मला कळव, मी पुढच्या दारानं येईन आन मीच तिला सांगीन की मी कुणाची. एवढं लिवायला तिनं सांगितलंय.

तुझे बाबा आता घोरत्यात. काच चांगली हाय. मागची तेवढी उघडायची करून दे. घरातलं मीठ सपलं तर दर खेपंला तिनं हायवे हिंडून यायचं का? पण घाई न्हाय. सिद्धूला सवड झाली की धाड.

ज्या वाटीसाठी एवढी भांडत आली, ती सरू हितंच इसरून गेली. मी बी आठवण केली न्हाय.

तेजूला मुका. ये.

तुझी आई
ताईबाई