रिकाम्या पोर्टवरचा हात

१० मार्च
आलो बुवा पेश्तेरा गावाला! बुटांच्या कारखान्यात नोकरी, आणि तळवे कापणारा प्रेस ज्या संगणकावर चालतो तो माझ्या ताब्यात. नव्या माणसानं सगळ्यांचं तोंड गोड करायचं, म्हणून चॉकलेटं वाटली. प्रेसवरच्या रादकामावशी म्हणाल्या, अरे, आधी चार घास खात जा, मग मशीन सांभाळ. आणि स्वतःच्या डब्यातली चीज भरलेली खुसखुशीत बानित्सा माझ्या हातावर ठेवली.

१२ मार्च
जुना संगणक काढून नवाकोरा बसवला. कापणी तितकीच रेंगाळत! कारण सापडलं. दर घावाआधी प्रोग्राम एक पोर्ट, म्हणजे बाहेरची यंत्रं जोडायची जागा, हजारो वेळा वाचतो, आणि त्या पोर्टला काहीच जोडलेलं नाही. प्रोसेसर कितीही पळो, असला पोर्ट वाचायला तीस वर्षांपूर्वी लागायचा जवळपास तेवढाच वेळ आजही लागतो. कुणी भरला हा कचरा? उडवून टाकला. प्रेस धडाधड चालू. नव्या संगणकाचीच करामत समजून कारखान्याच्या दोब्रेवसाहेबांनी पाठ थोपटली.

१३ मार्च
रादकामावशींची बोटं गेली. उजव्या हाताची.
आत हात आहे की नाही, हे सेन्सरनं कळवेपर्यंत प्रेसनं थांबावं, म्हणून ते रिकामं वाचन होतं. संथ होतं म्हणूनच ठेवलेलं. साहेबांनी विचारलं, प्रोग्राममध्ये काही बदललंस का? मी नाही म्हणालो. मग ठरलं, बाईचाच निष्काळजीपणा. नंतर गुपचूप सगळं पूर्ववत केलं. थू माझ्या जिंदगानीवर.

१६ मार्च
प्रेस चालेना. पडद्यावर एकच : आत हात आहे. आत कुणी नाही. सेन्सरची तार काढली. तरी तेच. येतंय कुठून, तर त्याच पोर्टवरून — ज्याला काही जोडलेलंच नाही.

१७ मार्च
मावशींना कामावरून काढलं. भरपाई नाही. दवाखान्यातून त्यांचा निरोप आला — पोराला म्हणावं, प्रेसपाशी जपून. मला! साहेबांच्या दारापर्यंत गेलो. परत फिरलो. लाज वाटते — माझीच —
आत हात आहे.

१८ मार्च
प्रेस बंद करून आत चाचपलं. बोटं लागली. उबदार. त्यांनी माझा उजवा हात धरला —
डाव्या हातानं लिहितोय. ओरडून सांगितलं, चूक माझी, मावशींची नाही. सगळे धावत आले. साहेबांनीही ऐकलं. वीज तोडली — तरी प्रेस घाव घालायला वर उचलला जातोय —
सोडा हो मावशी, सांगितलं ना —
बोटं सैल होतायत. एकेक. फार सावकाश — प्रेस —