ब्रॉडनॅक्स सरांचा मागचा बाक

३ मार्च
आज बाकीच्या शिक्षकांनी ब्रॉडनॅक्स सरांच्या वर्गात पुन्हा पोरं पाठवली. सगळी त्यांच्या वर्गांतली. एकाने पेन्सिल फेकली, एक हसला, एक नुसताच जागेवरून उठला. आमच्या शाळेत दंगा करणाऱ्याला प्रिन्सिपलकडे नेत नाहीत. उंच काळ्या मास्तरांकडे नेतात. मीही इथली शिक्षिका आणि काळीच, पण बाई आणि बुटकी — वाचले.

सर ओरडत नाहीत. पोरांना मागच्या बाकावर बसवतात आणि केमिस्ट्री शिकवतात.

५ मार्च
शाळेच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढले. फोटोवाल्याने सरांच्या हातात बास्केटबॉल दिला.
"मी केमिस्ट्री शिकवतो," सर म्हणाले.
"हो, पण तुम्हाला हाच शोभतोय."
जन्मात कधी खेळले नाहीत ते. फोटोत चेंडू बाळासारखा धरलाय.

६ मार्च
मी भाजलेला रताळ्याचा ‘पाय’ — गोड सारणाचा, केकसारखा — खाता खाता सर म्हणाले, "वरच्या इयत्तेतल्या मुलांचा केमिस्ट्रीचा वर्ग यंदा तरी मिळावा, लव्होनिया. दरवर्षी मागतो."
"आणि नाही मिळाला तर?"
"तर ही शाळा सोडून जाईन. नाहीतर मी इथे शिकवायला आलो होतो, हेच विसरेन."
मी पायचा आणखी एक तुकडा वाढला. दुसरं काय करणार?

१० मार्च
वर्ग मिळाला नव्या प्रेंटिस मास्तरला. सरांकडे सर्वात जास्त पोरं पाठवतो, तोच!

सरांना बढती — शिस्तप्रमुख. म्हणजे दारात उभं राहून पोरं आवरायची. प्रिन्सिपल वेक्सलरबाई सगळ्यांसमोर कौतुकाने म्हणाल्या, "मुलं तुमचं ऐकतात हो."
"मग त्यांना काहीतरी शिकवू द्या," सर म्हणाले.
सगळे हसले. विनोद वाटला त्यांना.

११ मार्च
आजच्या मीटिंगला सर नव्हते. मी उठून विचारलं, "मुलं ज्यांचं ऐकतात त्यांनी दारात उभं राहायचं, आणि ज्यांचं ऐकत नाहीत त्यांनी शिकवायचं — हे कोणी ठरवलं?" आवाज चढवला नव्हता. खरंच नव्हता.

वेक्सलरबाई गोड हसल्या. "लव्होनिया, शांत हो बघू. जरा वेळ ब्रॉडनॅक्स सरांकडे जाऊन बस."

११ मार्च, दुपारी
मला दारात बघून सर पोट धरून हसले. "तुलाही पाठवलं?"
भिंतीवरचा मूलद्रव्यांचा तक्ता गुंडाळून ठेवलेला. टेबल रिकामं. सोमवारपासून सरांची दुसरी शाळा. तिथे फक्त केमिस्ट्री.
मागच्या बाकावर जाऊन बसले. म्हटलं, "शेवटची घंटा व्हायची आहे अजून. शिकवा."