दैवशालाच्या जन्माच्या नोंदीची नक्कल मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
नीलगव्हाण सहकारी साखर कारखाना लि.,
ता. माजलगाव, जि. बीड.

विषय : कारखान्याच्या दवाखान्यातील सन २००३-०४ च्या हंगामातील जन्मनोंदीची नक्कल मिळणेबाबत.

संदर्भ : निवड चाचणी दि. १६ फेब्रुवारी २०१९, पुणे.

अर्जदार : कडूबाई सुंदरराव मिसाळ, धंदा ऊसतोड, रा. चकलांबा, ता. गेवराई.

महोदय,

१) अर्जदाराची मुलगी दैवशाला फुटबॉल खेळते. गोलासमोर उभी राहून समोरच्यांना अडवणे हे तिचे काम. बीडच्या सामन्यात पुण्याच्या एका मोठ्या क्लबाचे प्रशिक्षक आले होते. ते म्हणाले, "ही पंधरा वर्षांखालच्या गटात आली तर दोन वर्षांत आमच्या मुख्य संघात दिसेल. मोठ्या गटात मात्र अवघड आहे. तिथे मागच्या फळीत चार मुली आधीच आहेत." लहान गटासाठी जन्म १ जानेवारी २००४ किंवा त्यानंतरचा हवा.

२) शाळेत तारीख १ जून २००४ आहे. ती खोटी आहे. नाव घालताना अर्जदार म्हणाली होती, "थंडीत झाली, गुरुजी." गुरुजी म्हणाले, "तारीख माहीत नाही ना? मग एक जून लिहितो." तेव्हा त्यात कुणाला काही वाटले नाही. आता क्लबाने निवड चाचणीच्या पत्रात कळवले आहे की वय खोटे निघाल्यास दोन वर्षे बंदी. ते पत्र आल्यापासून मुलगी रोज विचारते, "आई, मी नक्की कवा झाले?" पण अर्जदारालाच ते ठाऊक नाही.

३) मुलीचा जन्म आपल्या कारखान्यावर, दुष्काळाच्या सालात, ऊसतोड टोळीच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत झाला. दवाखान्याच्या नर्स बायनाबाई यांनी नाळ कापली व वहीत नोंद केली. त्या आता चौसाळ्यास राहतात. अर्जदार त्यांना भेटून आली. त्या म्हणाल्या, "त्या आठवड्यात दोन लेकरं झाली, कडू. एक जुन्या सालात, एक नव्या. तुझं कोणतं, ते आता मला आठवत न्हाई. वहीच सांगंल."

४) अर्जदाराचे पती म्हणतात, "वही उघडूच नको. एक जून हाय, ऱ्हाऊ दे. कोण बघायला बसलंय?" गावातील एका इसमाने हवी ती तारीख घालून दाखला आणून देतो असेही सांगितले. अर्जदाराचे मन दोन दिवस डळमळले, हे ती लपवत नाही. मागील आठवड्यात ती दोनदा कारखान्याच्या गेटपर्यंत आली आणि आत न येताच माघारी गेली. तारीख जुन्या सालातली निघाली तर लेकीची वाट आपल्याच हाताने बंद केल्यासारखे होईल, ही भीती.

५) शेवटी मुलगीच म्हणाली, "आण तू. खोट्या तारखेनं खेळले तर बॉल अडवताना बी मला कुणीतरी मागून हाक मारंल असं वाटत ऱ्हाईल." म्हणून हा अर्ज.

६) यंदाही पाणी नाही, उभा ऊस वाळला. चार दिवसांत गाळप बंद होऊन कार्यालयातील माणसे पांगतील असे कळते. तरी तारीख कोणतीही असो, नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल आजच द्यावी. अर्जदारास वाचता येत नाही. खिडकीवर तारीख मोठ्याने वाचू नये, कागद मुलीच्या हाती द्यावा, एवढी विनंती. ती सोबत आली आहे.

आपल्या उपकाराची वाट पाहणारी,
कडूबाई सुंदरराव मिसाळ
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

दि. ११ फेब्रुवारी २०१९

लिहिणार : उत्तरेश्वर, अर्जलेखक, माजलगाव

सोबत : १. क्लबाचे पत्र. २. शाळेचा दाखला. ३. बायनाबाई यांचे सहीचे निवेदन.

पोच : नक्कल मिळाली. जन्म ३० डिसेंबर २००३. दोन दिवसांनी हुकले. आई बाहेर लिंबाखाली बसली आहे, तिला आता जाऊन सांगते. शनिवारी पुण्याला जाणार, मोठ्या गटात नाव देणार. लई भीती वाटते.
— दैवशाला सुंदरराव मिसाळ