पॉझिटिव्ह नवरदेव

कोकंद, ४ एप्रिल २००९

चि. नफोसत हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. दोन्ही घरांनी रीतीप्रमाणे नान मोडून पक्की केलेली आमच्या मोहलरची सोयरीक मी काल मोडली. अब्रोर दातांचा डॉक्टर, देखणा, सगळं खरं. पण लग्नाआधीच्या तपासणीत कावीळ बी पॉझिटिव्ह! कागद सोबत आहे. त्यांची मिठाईची ताटं परत धाडली. समसे तेवढे राहिले, ते खाऊन झाले होते. मोहलर माझ्याशी बोलत नाही. तुझे काका म्हणतात, आधी नफोसतला विचारायचं होतंस, ती रक्ताच्या प्रयोगशाळेत काय माशा मारते का?

डोकं शांत ठेवून उत्तर लिही, माझं नाही.

तुझी मावशी,
झुल्हुमोर

ताश्कंद, ९ एप्रिल

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. अगं, विषाणू सापडला असं त्या कागदावर कुठं आहे? सापडल्या आहेत अँटीबॉडीज, म्हणजे विषाणूला अडवणारे पहारेकरी! तरी खात्रीसाठी अब्रोरला इथं बोलावलं. दिवसभर लोकांचे दात उपटणारा हा गृहस्थ माझी सुई बघून खुर्चीतून घसरला. मोहलरला सांगू नका म्हणाला. तू सांग.

आमच्या प्लेटच्या बारीक खळग्यांत विषाणूच्या कवचाचं प्रथिन चिकटवलेलं असतं. त्यात सीरम घालायचं, धुवायचं, रसायनं टाकायची. पहारेकरी धुऊनही चिकटून राहतात आणि खळगा पिवळा होतो. याचा लिंबासारखा झाला. विषाणू शोधायची चाचणी वेगळी, तीत काही नाही. विषाणू खरोखर अंगात शिरला तरच बनतात त्या, त्याच्या गाभ्याविरुद्धच्या अँटीबॉडीजही नाहीत. म्हणजे याला ही कावीळ कधी झालीच नाही. ही सगळी कमाई त्यानं घेतलेल्या लशीची. ताबडतोब जाऊन माफी माग.

काकांना नमस्कार, तुझ्यावर तात्पुरता राग.

तुझी,
नफोसत

कोकंद, २१ एप्रिल

चि. नफोसत,

अनेक आशीर्वाद. वि. वि. गेले माफी मागायला. विहीणबाई नोदिराखान दार अडवून उभ्या. म्हणाल्या, आमच्या पोराचं रक्त गावभर झालं, आता तुमच्या पोरीचे पहारेकरी दाखवा! तपासलं, तर मोहलरकडे एकही नाही. माझं तोंड एवढंसं झालं. पण मोहलर ठणकावून म्हणाली, मी लस घेते, मात्र दोन्ही आयांनीही रक्त तपासून घ्यायचं. आम्हा दोघींचीही पाटी कोरीच निघाली! मग काय, लस टोचून घ्यायला तिघी एका बाकावर. मोहलर हूं की चूं न करता उठली. मी आणि नोदिराखाननं एकमेकींचे हात धरून अशा किंकाळ्या मारल्या की नर्स म्हणाली, विहिणी शोभता खऱ्या, सूर एकच आहे.

लग्न १४ जूनला. दुसरा डोस पुढच्या महिन्यात. तोवर आम्ही दोघी बोलतो आहोत.

राग उतरला असेल तर लग्नाला चार दिवस आधी ये, उतरला नसेल तर आठ.

तुझी मावशी,
झुल्हुमोर