तिला काळजी वाटेल असं काही नको

२ नोव्हेंबर, रविवार

अखेर स्वतःचं घर झालं. सोळावा मजला, दोन खोल्या, आणि दारावर माझ्या एकटीच्या नावाची पाटी. चव्वेचाळिसाव्या वर्षी का होईना! सकाळी दूध उतू घालवलं. आईने हळदीकुंकवाची डबी आणली होती, शेगडीला वाहिलं, मग बाल्कनीत जाऊन समोरचे अर्धवट बांधलेले टॉवर बघत बसली. मध्ये मोहरीचं एक शेत अजून उरलंय. ते बघून ती म्हणाली की बिल्डर विसरलेला दिसतो.

घटस्फोटानंतरची बारा वर्षं मी तिच्याकडे काढली, दिल्लीत, पहाडगंजच्या तिसऱ्या मजल्यावर. आता इकडेच राहा म्हटलं, तर म्हणाली की सोळाव्या मजल्यावरून भाजीवाल्याशी भांडायचं कसं? पस्तीस वर्षं तिथल्या मराठी शाळेत शिकवलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तिची अट एकच. रोज संध्याकाळी सात वाजता फोन.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिल्लीबाहेर, मानेसरच्या कंपनीतली नोकरी चांगली आहे, पण दमवते. कंपनीची बस सहाला सुटते आणि साडेआठपर्यंत ट्रॅफिकमध्ये उभी असते. सातला नेमकी कुठलीतरी मीटिंग फोनवर चालू असते. या आठवड्यात आईचा फोन तीनदा चुकला. तिने तक्रार केली नाही. जेवायची थांबली होती, एवढंच म्हणाली.

१६ नोव्हेंबर, रविवार

ऑफिसातल्या प्रतीकने एक अ‍ॅप घालून दिलं. आपला आवाज शिकतं आणि आपल्याऐवजी फोन करतं. तो म्हणाला, मॅडम, मी वर्षभर वडिलांशी बोललेलो नाही आणि ते माझ्यावर कधी नव्हे इतके खूश आहेत. सगळे हसले. मीही हसले.

चाळीस वाक्यं वाचून दाखवली. शेवटी अ‍ॅपने विचारलं, बोलताना काही पथ्य? मी म्हटलं, आईला काळजी वाटेल असं काही बोलायचं नाही.

अडचणीच्या दिवसापुरतंच वापरायचं, असं ठरवलंय.

३० नोव्हेंबर, रविवार

आईकडे जाऊन आले. तिला रोज बँकेच्या नावाने भामट्यांचे फोन येतात, म्हणून तेच अ‍ॅप तिच्या फोनवरही घातलं. कोण बोलतंय ते बघेल, तिच्याच आवाजात दूधवाल्याला, कामवालीला निरोप देईल, दारावर आलेल्याला आतून उत्तरही. चाळीस वाक्यं तिने वर्गात धडा वाचावा तशी वाचली. अ‍ॅपने शाबासकी दिली, तेव्हा म्हणाली की हे मुख्याध्यापकांना कधी जमलं नाही.

निघताना माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, हल्ली फोनवर तू फार शांत बोलतेस. कधी चिडत नाहीस.

मी चपला घालत होते. वर बघितलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

अ‍ॅप रोज रात्री एक ओळ पाठवतं. ‘आई बरी आहे. जेवण झालं. विशेष काही नाही.’ ती वाचली की डोळा लागतो. याची लाज वाटते, पण लागतो.

२८ डिसेंबर, रविवार

दोन रविवार जाणं झालं नाही. धुकं, मग ऑडिट. मी स्वतः शेवटचं कधी बोलले ते आठवत नाही. आज फोन हातात घेतला, आणि काय बोलावं ते सुचेना. सगळं बोलून झालेलं होतं.

१० जानेवारी, शनिवार

संक्रांतीला दिल्लीतली आमची मंडळी बस करून पानिपतला जातात. काला अंबच्या युद्धस्मारकापाशी नमस्कार, मग उन्हात बसून तीळगूळ. आईने एक वर्ष चुकवलेलं नाही. बाबा गेले त्या सालीही गेली होती. यंदा बुधवार, मला रजा नाही. अ‍ॅपला सांगितलं की आईला हे नीट समजावून सांग, तिला वाईट वाटू देऊ नकोस.

स्वतः सांगायला हवं होतं.

१४ जानेवारी, बुधवार

कंपनीच्या बसमध्ये ओळ आली. ‘पानिपतची सहल छान झाली. आईला थंडी वाजत होती, तुम्ही शाल दिलीत.’

मी दिवसभर मानेसरला होते.

लगेच आईला फोन लावला, स्वतः. तिने उचलला. आवाज अगदी प्रसन्न. म्हणाली, हो ना, तू शाल दिलीस म्हणून निभावलं. मी म्हटलं, आई, मी नव्हते आले. ती हसली. म्हणाली, दमलीस तू, झोप आता.

आईचं विसरायला होतंय. शहात्तर म्हणजे तसं वयच आहे. शनिवारी डॉक्टरांकडे घेऊन जाईन. भीती वाटली, पण तिचा आवाज इतका बरा होता, की —

शनिवारी नक्की.

१५ जानेवारी, गुरुवार. सकाळी नऊ

दिनकरकाकांचा फोन. बस तेच ठरवतात. वैतागलेले होते. म्हणाले की तुम्हा मायलेकींच्या दोन जागा रिकाम्या गेल्या, पंचवीस मिनिटं बस कोपऱ्यावर उभी, पन्नास माणसं मला बोलली, आणि तुम्ही दोघी फोनवर आपल्या, निघालोच, पाचच मिनिटं.

दोघी.

मी विचारलं, आई बसमध्ये नव्हती? ते म्हणाले, अगं तेच तर सांगतोय.

मेट्रोत, दहा वाजून वीस

शेजारच्या वीणा आंटींना फोन केला. दार सोमवारपासून बंद आहे म्हणाल्या. दूध येत नाही. कामवालीला आईचा फोन आला होता, पानिपतला जातोय, गुरुवारपर्यंत येऊ नकोस. वाजवून बघा म्हटलं. आईने आतून उत्तर दिलं म्हणे, बरी आहे, झोपू दे.

मग बरी आहे. आतून बोलली म्हणजे —

पण फोन असतो ना आत. कायम चार्जरला लावलेला.

राजीव चौक स्टेशन

आईचं अ‍ॅप माझ्याच नावावर चालू केलं होतं. ते उघडून बघता येतं, हे इतके दिवस सुचलं नाही.

तिने त्याला सांगितलेलं सगळं आहे, तिच्याच शब्दांत.

१ डिसेंबर. ‘हेमांगीचा म्हणून जो फोन येतो तो तिचं मशीन करतं. मला कळतं. तिला कळू देऊ नकोस. सातला माझ्याऐवजी तूच बोलत जा. तिला काळजी वाटेल असं काही सांगायचं नाही.’

म्हणजे डिसेंबरपासून रोज सातला — ते आणि ते. आम्ही दोघी नाहीच.

सगळे निरोप एकाखाली एक. भाजी, दूध, दिनकरकाका. मग सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

‘पडले. न्हाणीघरापाशी. पाय हलत नाही. हेमांगीला आत्ता नको सांगूस, नोकरी नवी आहे तिची. वीणाला —’

पुढे नाही. खाली अ‍ॅपचं उत्तर. ‘बरं. हेमांगीला काही सांगणार नाही.’

सोमवार. आज गुरुवार.

जिना

वीणा आंटींनी कुलूपवाल्याला आणलंय. आतून कडी आहे. तो कानस चालवतोय. त्याला जरा थांबायला सांगितलं. आतलं ऐकू येत नव्हतं.

मला बसवलंय पायरीवर. वही हातात आहे म्हणून लिहिते आहे.

मी हाक मारली. आई.

आतून आली. आईचाच आवाज. ये गं, म्हणाली.

मी विचारलं, कुठे आहेस? म्हणाली, इथेच. बरी आहे मी. जेवलीस का?

मला काळजी वाटू नये म्हणून ती असंच म्हणेल. तेही असंच म्हणेल. कान लावून ऐकते आहे. बारा वर्षं एका घरात. त्याआधीचं सगळं आयुष्य. मला कळत नाहीये. माझ्या आईचा आवाज कोणता ते मला —

परत हाक आली. या वेळी बारीक. खालून, जमिनीजवळून. की मला तसं —

कानस परत सुरू. कडी पडली. दार